वाजवून बघितलंय का?

गेल्या वर्षभरात बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली. कधी पतसंस्थेतला अकाउंटंट, कधी बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरी बसून करणारी खानापूरची मुलगी, कधी निपाणीहून एसटीनं आलेले गृहस्थ. "मॅडम, साहेबांनी एआयचं सर्टिफिकेट करायला सांगितलंय. वाचताना सगळं कळतंय, पेपरात कोरं. वय झालं का हो?" विचारणाऱ्यांतली सगळ्यात लहान मुलगी अठ्ठावीस वर्षांची होती. वयाचा मुद्दा मी तिथंच बाजूला ठेवला.

पुढे सांगतेय ती गोष्ट खरं तर तिघांची मिळून एक केली आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मध्यभागी आहेत उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी बघणारे, सेहेचाळीस वर्षांचे सुपरवायझर. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग चोवीस वर्षं कास्टिंग. कंपनीत आता पीस तपासायला कॅमेरे येणार होते. ते सांभाळणाऱ्या टीममध्ये यायचं तर अ‍ॅमेझॉनची 'एआय प्रॅक्टिशनर' ही परीक्षा पास व्हायची, असं ठरलं होतं.

पहिल्यांदा आले ते नापास होऊन. पासाला ७०० लागतात, यांना ६४८ मिळाले होते. पुन्हा बसायला किमान १४ दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण, १०० डॉलर. पहिली कंपनीनं भरली होती, दुसरी खिशातून.

"पैशाचं काही नाही मॅडम," ते म्हणाले. "माझ्या हाताखालचा पोरगा पास झालाय. आता त्याला 'हे असं कर' म्हणून सांगायचं कसं?"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं चालणारी. माणसाला प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलची त्याची स्वतःची वाक्यं जास्त छळतात, हे एलिसनं १९५५ च्या सुमाराला मांडायला सुरुवात केली. माझ्या प्रॅक्टिसमध्ये तरी ते अजून एकदाही खोटं पडलेलं नाही. म्हणून दोन बैठका मी त्या वाक्यांवरच घालवल्या. 'पोरगा पास, मी नापास, म्हणजे माझी चोवीस वर्षं पाण्यात.' हे वाक्य त्यांनी स्वतः लिहून काढलं, खोडलं, नीट केलं. झोप सुधारली. मी खूश.

तिसऱ्या बैठकीत म्हणाले, "मन शांत आहे मॅडम. पण काल टेस्ट दिली त्यात परत तेच."

इथं माझी चूक कबूल करते. माणूस अभ्यासाची तक्रार घेऊन आला होता आणि तो अभ्यास करतो कसा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. भीतीबद्दल विचारलं, बायकोबद्दल विचारलं, साहेबाबद्दल विचारलं. डॉक्टरनं पेशंटच्या घराण्याचा इतिहास लिहून घ्यावा आणि जीभ बघायची राहून जावी, तसं झालं.

"अभ्यास कसा करताय ते दाखवा बरं. इथंच करा."

त्यांनी पिशवीतून वही काढली. काय वही होती! निळ्या शाईत मजकूर, लाल शाईत मथळे, पट्टीनं मारलेल्या रेघा. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, उतरवून घ्यायचं. मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रश्नांची पीडीएफ उघडायची. तीनशे प्रश्न, खाली उत्तरं. "यात मला ९५ टक्के पडतात," हे सांगताना आवाज जरा उजळला.

मी म्हटलं, एक प्रश्न सोडवून दाखवा. प्रश्नाचा आशय असा: कंपनीची कागदपत्रं रोज बदलतात, चॅटबॉटनं त्यातूनच उत्तर द्यायचंय, मॉडेलला नव्यानं शिकवत बसायचं नाही, तर काय वापराल? पहिली ओळ वाचेपर्यंत ते म्हणाले, "सी."

टेबलावर हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल पडलं होतं. ते मी मोबाइलच्या पडद्यावर पर्यायांच्या जागी आडवं धरलं.

"सी म्हणजे काय?"

"सी म्हणजे..." ते थांबले. बिलाकडे बघत राहिले, जणू कागदातून आरपार दिसेल. "आरनं सुरू होतंय ते."

बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. बाहेर रेल्वेच्या दुसऱ्या गेटवर गाडी येत असणार, हॉर्न चालू होते. त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली, उठले. मला वाटलं, हे आता परत येत नाहीत.

आले. आठ दिवसांनी, पण चेहरा पाडूनच आले. त्या दिवशी मी परीक्षेचा विषयच काढला नाही. म्हटलं, मी बेळगावात राहते आणि फाउंड्री आतून बघितलेली नाही. कास्टिंग चांगलं की खराब, कसं ओळखता ते सांगा. मग मात्र माणूस खुलला. हात बोलायला लागले.

"बघून सगळं कळत नाही मॅडम. वरून पीस कसा चकाचक असतोय, फेटलिंग झालेला, म्हणजे घासून साफ केलेला, पेंट मारलेला. आत चीर असली तर डोळ्याला काय दिसणार? मग टांगून हातोडीनं वाजवायचं. चांगला असला तर ठण्णकन आवाज येतोय, घुमतोय. चीर असली की बद्द." त्यांनी चमच्याचं टोक माझ्या चहाच्या कपावर मारलं. ठण्ण. मग मघाशी त्यांच्याच हातून टवका उडालेला दुसरा कप वाजवला. बद्द.

"आणि नुसतं बघून 'ओके' मारला तर?"

"गिऱ्हाइकाकडून परत येतोय की. ट्रकभर."

मी काही बोलले नाही. तेच चमचा हातात धरून बसले. मग हळूच म्हणाले, "मी वही बघूलालो होतो. वाजवलीच नाही."

सतरा वर्षांत अशी वाक्यं किती ऐकली असतील, बोटांवर मोजता येतील. हे मी त्याच दिवशी डायरीत उतरवलं. एक गोष्ट अभिमानानं सांगते: तो शब्द मी त्यांना दिला नाही. मी फक्त फाउंड्रीचं दार उघडून बाजूला झाले.

याला संशोधनाचा आधार आहे म्हणून थोडं थांबते. २००६ मध्ये रॉडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. पाच मिनिटांनंतरचं ते पुढे असणंच घात करतं. वाचताना ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असं मन धरून चालतं. गल्लीत रोज दिसणाऱ्या माणसाचं नाव विचारलं की आपली जी गत होते, तीच.

त्यांनी वही बंद केली आणि नवं रजिस्टर घातलं. कल्पना कामावरचीच: रिजेक्शन रजिस्टर. तारीख, प्रश्नाचा विषय, माझं उत्तर काय होतं, तसं का वाटलं, बरोबर काय, पुन्हा कधी वाजवायचं. बरोबर आलेले प्रश्न त्यात नाहीत. पहिल्या आठवड्यात एकवीस नोंदी झाल्या. दोष कुठले आहेत हे लगेच दिसायला लागलं. निम्म्या चुका विषयाच्या नव्हत्याच. 'सर्वांत कमी खर्चात', 'कुठले दोन निवडाल' असे शब्द घाईत सुटत होते. विषयाच्या चुका मात्र एकाच जागी गोळा झाल्या होत्या, जबाबदार एआय आणि सुरक्षा-नियमांच्या भागात. तो भाग 'सोपा, वाचलं की झालं' म्हणून सगळेच शेवटी ठेवतात. परीक्षेच्या अधिकृत गाइडमध्ये वजन दिलेलं असतं: मूळ एआयला २० टक्के, जनरेटिव्ह एआयला २४, फाउंडेशन मॉडेलच्या (आधीच शिकवून तयार असलेल्या मोठ्या मॉडेलच्या) वापराला २८, आणि या दोन 'सोप्या' भागांना १४-१४. म्हणजे २८ टक्के त्यांनी झोपेच्या वेळेला दिले होते. माझ्याकडे आलेल्यांपैकी जवळजवळ कुणीही ते गाइड उघडलेलं नव्हतं. फुकट मिळतं, इंटरनेटवर आहे, तरी व्हॉट्सअ‍ॅपची पीडीएफ आधी.

त्या पीडीएफबद्दल स्पष्ट बोलते. खऱ्या परीक्षेतले म्हणून फिरणारे प्रश्न वापरणं नियमाबाहेर आहे, पकडलं गेलं तर निकाल रद्द होऊ शकतो. पण त्याहून मोठं नुकसान हेस्कॉमच्या बिलाखाली दिसलं ते.

पुढच्या बैठकीला ते मला शिकवायला बसले. घरी बायको ऐकत नाही, मुलगा हसतो, म्हणून माझ्यावर वेळ आली. झाकलेल्या सीची गोष्ट त्यांनी अशी सांगितली: "ड्रॉइंग बदललं म्हणून ऑपरेटरला परत सहा महिने ट्रेनिंग देतोय काय आम्ही? नवीन ड्रॉइंग हातात द्यायचं, 'हे बघून कर' म्हणायचं. ते रॅग. ट्रेनिंग दिलं तर ते फाइन-ट्यूनिंग." मला दोन्ही शब्द तोवर माहीत नव्हते. आता विसरणार नाही.

मग मॉडेलचं मोजमाप आलं आणि मी सावरून बसले. "समजा हजार पीस आहेत, त्यात पन्नास खराब. कॅमेऱ्यानं काहीच न तपासता सगळ्यांना 'ओके' म्हटलं. त्याची अ‍ॅक्युरसी किती?"

मी हिशेब केला. ९५ टक्के.

"आणि खराब किती पकडले?"

एकही नाही.

"त्याला रिकॉल म्हणतात. तो शून्य," असं म्हणून ते स्वतःच थबकले. "माझे पण ९५च पडत होते की हो."

त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या डोक्यात माझाच धंदा होता. किती जणांना मी 'आता बरं वाटतंय' या शब्दावर ओके मारून पाठवलं असेल? तेव्हापासून बैठक संपताना मी 'कसं वाटतंय' विचारत नाही. 'घडलेलं मला परत सांगा' म्हणते. ऐकते, आवाज कसा येतोय.

भाषेचं राहिलं. परीक्षा मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. आमच्याकडचा माणूस शॉपवर कन्नड बोलतो, घरी मराठी, मेल इंग्रजीत लिहितो. १९५६ पासूनच्या कागदी सीमांनी आम्हाला एवढं तरी शिकवलं. पण तीन भाषा येतात म्हणून इंग्रजी प्रश्न झरझर वाचता येतोच असं नाही, आणि हे कबूल करायची लाज डिप्लोमावाल्यांना जास्त वाटते. यांना प्रश्न पुटपुटत मराठीत फिरवून घ्यायची सवय होती, शाळेपासूनची. पहिल्या वेळी घरून ऑनलाइन बसले होते, तेव्हा कॅमेऱ्यापलीकडच्या निरीक्षकानं ओठ हलवू नका म्हणून बजावलं. नियमच तसा आहे, मोठ्यानं वाचायचं नाही. त्यानंतरचे दहा प्रश्न कसे गेले ते त्यांना आठवतही नाही.

यावर दोन उपाय झाले. एक म्हणजे रोज पाच प्रश्न तोंड मिटून, ओठांवर बोट ठेवून सोडवायचे. मुलगा आणखी हसला. दुसरा उपाय फार थोड्यांना माहीत असतो. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना या परीक्षेत अर्धा तास जादा मिळतो, पण तो तारीख बुक करायच्या आधी मागावा लागतो. नंतर मागून उपयोग नाही. ९० मिनिटांचे १२० झाले, तेव्हा त्यांचे खांदे माझ्यासमोर दोन इंच खाली आले.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरही माणसं आपटतात. परीक्षेच्या खात्यावरचं इंग्रजी नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. आमच्याकडे एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन स्पेलिंगांनी असतं, तेव्हा हे आधी बघा. एकूण ६५ प्रश्न असतात, त्यातल्या १५ना गुण नसतात आणि ते कुठले हे कळत नाही. म्हणून भलताच प्रश्न आला की 'गेलं सगळं' म्हणून हातपाय गाळू नका, कदाचित तो मोजलाच जाणार नाही. चुकल्याला दंड नाही, रिकामं ठेवलं तर चूकच धरतात. म्हणून एकही कोरा सोडू नका. आणि ७०० म्हणजे सत्तर टक्के नव्हे, ते प्रमाणात बसवलेले गुण असतात. '५२ कमी पडले म्हणजे एवढे प्रश्न चुकले' असा उलटा हिशेब घालून रात्र जागू नका. यांनी घातला होता, कागदावर, पट्टीनं रेघा मारून.

तारखेच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पुढे ढकलू का, रजिस्टरमध्ये अजून अकरा नोंदी वाजल्या नाहीत. मी विचारलं, फाउंड्रीत रिजेक्शन शून्यावर आल्यावरच ट्रक सोडता का? "तसं केलं तर कंपनी बंद पडेल," म्हणाले आणि फोन ठेवला.

निकाल पाच कामाच्या दिवसांत येतो. चौथ्या दिवशी दुपारी गुणपत्रिकेचा फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. फोटोत खालच्या तक्त्यावर लाल पेनचा गोल होता, 'सुधारणा हवी' असा शेरा असलेल्या एका भागाभोवती, आणि शेजारी त्यांच्या त्या सुबक अक्षरात: रजि. नोंद क्र. ७४. पास की नापास ते मला वरती, फोटो मोठा करून, स्वतः शोधावं लागलं. ७३१.