खताच्या पिटातलं प्लास्टिक

प्रश्न : आमच्या सोसायटीत विटांचे दोन पिट आहेत. ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टनं येतातच, ती शेवटी चाळताना काढतो. पण दोन महिने झाले तरी खत काळं, चिकट आणि आंबट वासाचं आहे. कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) दुप्पट घातलं, तरी फरक नाही. (कोथरूड)

उत्तर : कल्चर वाढवू नका, पैसे वाया जातील. जिवाणू भरपूर आहेत, त्यांना हवा मिळत नाहीये.

पिशवी स्वतः कुजत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. ती आसपासचं कुजणंही अडवते, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. पिशवी ढिगात आडवी पडली की तिच्यावर पाणी साचतं आणि खालच्या थराची हवा तुटते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. त्यामुळे शिळ्या भाताचा ओला गोळा पिशवीत अडकला, की आतला ऑक्सिजन जिवाणू बघता बघता फस्त करतात. पुढे हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. ते आम्लं तयार करतात, सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या खालीही जाऊ शकतो आणि ढीग तापवणारे बॅसिलस गटातले जिवाणू थंडावतात. बुरशीचे तंतू पाल्यातून, कागदातून आरपार जातात, प्लास्टिकपाशी अडतात. ढीग 55 अंशांवर चढून तिथे तीन-चार दिवस टिकला नाही, तर रोगजंतू आणि बियाही शाबूत राहतात. पिटात टोमॅटोची रोपं उगवत असतील, तर कारण बहुधा हेच.

एक पुरलेली पिशवी उघडून बघा. आत काळपट, बुळबुळीत लगदा असेल. चार बोटं पलीकडे, मोकळ्या पाल्यावर, पांढरे तंतू पसरलेले दिसतील. पिट एकच, कचरा एकच.

आता उपाय. पिट रिकामा करून प्लास्टिक हाताने, हातमोजे घालून, अख्खं काढा. फावड्याने तोडू नका. मग एक बादली कचऱ्याला दोन बादल्या कोरडा, चुरलेला पाला मिसळा. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की दोन-तीन थेंब यावेत. धार लागली तर आणखी पाला. दर चार दिवसांनी ढीग खालवर करा. मध्यभागी लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून ठेवा; ती हातात धरवेनाशी झाली की गाडी रुळावर आली. सळई कोमट असेल आणि मिश्रण ओलसर असूनही वास नसेल, तर हिरवा, म्हणजे ओला कचरा कमी पडतोय.

सोसायटीत श्रेडर (कचरा बारीक करणारं यंत्र) असेल, तर त्यात जाण्याआधी निवडणं झालंच पाहिजे. एक अख्खी पिशवी काढायला दोन सेकंद लागतात, तिचे दोनशे तुकडे कुणी काढत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करायची सवयही अशीच नडते. तो नखाएवढा त्रिकोण सालांबरोबर पिटात जातो. कोपरा लोंबता ठेवा. फळांवरचे स्टिकर, चहाचे कागदी कप (बहुतेकांना आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो) आणि हारातला नायलॉनचा दोराही आधीच बाजूला काढा. गणपतीनंतरच्या निर्माल्यात तर हा दोरा हमखास असतो.

प्रश्न : ‘प्लास्टिक खाणारे जिवाणू’ असं लिहिलेलं कल्चर घ्यावं का? (धनकवडी)

उत्तर : नको. असे जिवाणू आहेत हे खरं आहे. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू जाहीर केला. तो 30 अंशांवर पीईटीचा (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा) पातळ पापुद्रा सहा आठवड्यांत फस्त करतो. पण तो पापुद्रा मुद्दाम निवडलेला, विस्कळीत रचनेचा होता. बाटलीचं पीईटी त्याहून चिवट असतं. पानांच्या कंपोस्टमधूनही पीईटी तोडणारं एक विकर (एन्झाइम) मिळालं आहे. गंमत म्हणजे त्याचं मूळ काम पानांवरच्या मेणचट आवरणातलं क्युटिन तोडण्याचं. क्युटिन आणि पीईटी दोन्हींत एस्टर बंध (रेणूंचे तुकडे जोडणारा एक प्रकारचा सांधा) असतात, म्हणून ते तिथेही चालतं. दुधाच्या पिशवीच्या पॉलिथिनमध्ये असा बंधच नाही, नुसती कार्बनची लांबलचक साखळी. तिला तुमच्या पिटात कुणी तोंड लावणार नाही.

प्रश्न : कंपोस्टेबल पिशवी बाल्कनीतल्या डब्यात चालेल का? (सहकारनगर)

उत्तर : नाही. अशा पिशव्यांसाठीच्या आयएस 17088 या भारतीय मानकाची चाचणी 58 अंशांच्या आसपास, नियंत्रित परिस्थितीत होते. घरचा छोटा डबा 35-45 अंशांपुढे क्वचितच जातो. कचरा डब्यात रिकामा करा आणि पिशवी वेगळी ठेवा.

प्रश्न : तयार खतात बारीक प्लास्टिक आहे का, घरी कसं ओळखावं? (वानवडी)

उत्तर : खत दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि 4 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. चाळणीमुळे मोठे तुकडे अडतात, बारीक खाली उतरतात. म्हणून चाळलेलं दोन चमचे खत काचेच्या ग्लासात घ्या. 200 मिलिलिटर पाण्यात 60 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यावर ओता, ढवळा आणि तासभर हलवू नका. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, थर्माकोल वर येतात. पीईटी आणि पीव्हीसी तळाशीच राहतात, म्हणजे ही चाचणी अर्धीच. वर तरंगणारा प्रत्येक कण प्लास्टिक नसतो, पाल्याचे धागेही तरंगतात. शंका आली तर कण सुकवून त्याला तापलेली सुई लावा. प्लास्टिक आकसून वितळतं, पाला काळा पडून जळतो.

दोन चमच्यांत सहज दिसणारे पाच-सहा तुकडे निघाले, तर ते खत पालेभाजीच्या कुंडीत घालू नका. सुपात घेऊन वाऱ्यावर पाखडा, कोरडे पापुद्रे उडून जातात. उरलेलं शोभेच्या झाडांना वापरा. मीठ मिसळलेलं खत मात्र कुठल्याच कुंडीत नको, ते फेकून द्या.