‘वॉव’ आणि ‘वाहवा’

प्रश्न : माझी नात उठताबसता ‘वॉव’ म्हणते. परवा मी तिला सांगितलं, हा शब्द इंग्रजांनी आपल्या ‘वाहवा’वरून उचललाय. तर म्हणते, ‘आजोबा, पुरावा द्या.’ आहे का काही पुरावा?

उत्तर : नात जिंकली, आजोबा! ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० साली. ‘वॉव’ त्याच्या ८७ वर्षं आधी कागदावर उतरलाय, तोही स्कॉटलंडमध्ये. गॅव्हिन डग्लस या कवीने रोमन कवी व्हर्जिलचं ‘ईनिड’ हे लॅटिन महाकाव्य स्कॉट्स भाषेत आणलं, १५१३ मध्ये. त्या ग्रंथात हा शब्द सापडतो. आणि ‘वाहवा’ तरी आपली कुठे? ती आली फारसीतून. लॅटिनमध्येही ‘वाह्’ असा उद्गार होता. तोंडाचा आ झाला की जो आवाज निघतो, त्यावर कुणाची मालकी सांगणार?

गंमत म्हणजे, डग्लसच्या त्या ओळीत कौतुक नाहीच. भटकत्या आत्म्यांच्या नावाने बोटं मोडताना तो ‘वॉव’ येतो. जुन्या स्कॉट्समध्ये तो तिटकाऱ्याला चालायचा, हळहळीला चालायचा आणि नवलालाही. आपलं ‘बाप रे’ नाही का, साप दिसला तरी तेच आणि पोराला पैकीच्या पैकी मिळाले तरी तेच! १७८९ मध्ये स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने ब्लॅकलॉक या कविमित्राला पद्यात पत्र लिहिलं, त्याची सुरुवातच ‘वॉव’ने आहे : तुमच्या पत्राने माझी छाती फुगली, अशा अर्थाची. इथे मात्र निखळ आनंद.

पुढे अमेरिकेने तो उचलला आणि विसाव्या शतकात जगभर केला. १९७७ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या एका रेडिओ दुर्बिणीने ७२ सेकंदांचा जोरकस सिग्नल टिपला. खगोलशास्त्रज्ञ जेरी एमन यांनी छापील अक्षर-आकड्यांभोवती लाल पेनने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘वॉव!’ आजही तो ‘वॉव सिग्नल’ म्हणूनच ओळखला जातो.

हरलात खरे, पण नातीची एक चूक तुम्हीही काढू शकता. यातला स्वर ‘डॉक्टर’मधला नाही, ‘हाउस’मधला आहे, म्हणजे उच्चार ‘वाउ’च्या जवळचा. मी एकदा हट्टाने ‘वाव’ असं लिहिलं होतं. मुद्रितशोधकाने समासात विचारलं : कशाला वाव?