तू पाठवलेल्या विम्याच्या कागदावरून

प्रिय,

दातांच्या विम्याचा तुझा कागद काल रात्री दोनदा वाचला. फोनवर आकडे निसटतात, म्हणून लिहायला बसलो.

ऑफिसच्या विम्याला जोडून वर्षाला ७,२०० रुपये भरले की चौघांच्या दातांची काळजी मिटते, असं तुला सांगितलं गेलंय. कागद तसं म्हणत नाही. एकूण मर्यादा १५,०००, त्यात दातांसाठी ५,००० आणि तेही चौघांत मिळून. उरलेले डॉक्टरांची फी, औषधं आणि रक्त-लघवीच्या तपासण्यांसाठी. म्हणजे दातांचा पैसा शेवटच्या रुपयापर्यंत वापरलास तरी २,२०० पदरचेच जाणार. हा हप्ता जीएसटीसकट आहे का, तेही विचार. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ऑफिसमार्फत घेतात त्या ग्रुप पॉलिसीवरचा नाही. धाकटीला पावसाळाभर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं लागत असेल, तर त्या हिशेबाने घे. दातांसाठी म्हणून घेऊ नकोस.

कंपनी लबाड असते म्हणून हे असं नाही. घराला आग शंभरात एखाद्याच्याच लागते, तिथे सगळ्यांनी थोडंथोडं भरून एकाला सावरता येतं. दात बहुतेकांचे किडतात, हळूहळू आणि दिसत-दिसत. ज्याला रूट कॅनॉल समोर दिसतंय, तोच असा विमा घ्यायला आधी धावतो. म्हणून मग प्रतीक्षा कालावधी येतो, म्हणजे विमा घेतल्यावर काही महिने खर्च मागता येत नाही; मर्यादा येते, दात सरळ करायच्या तारा आणि इम्प्लांट वगळले जातात.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. आमचा थोरला पाच वर्षांचा असताना त्याच्या दुधाच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. त्याच सुमारास मी दातांचा समावेश असलेली एक पॉलिसी घेतली होती आणि तिचा प्रतीक्षा कालावधी संपायला काही महिने होते. मी थांबलो. दुधाची दाढ, पडणारच आहे, आत्ता कशाला खिशातून भरायचे, असा विचार केला. एका रात्री त्याचा गाल सुजला. दाढेत पू झाला होता, ती काढावीच लागली. ती दाढ खरं तर दहा-अकराव्या वर्षापर्यंत जागा धरून ठेवणार होती. ती गेल्यावर शेजारचे दात सरकले, खालून येणाऱ्या दाताला वाट उरली नाही आणि पुढे तारा लावाव्या लागल्या. तारा पॉलिसीत नव्हत्याच. त्या ठिपक्यात वेळेवर सिमेंट भरलं असतं तर किती थोडक्यात भागलं असतं! पैसे गेल्याचं आता वाटत नाही, पण त्या रात्रीचं त्याचं रडणं अजून आठवतं.

म्हणून सही करण्याआधी चौघांचे दात दाखवून घे. काय करायचं आहे, कधी आणि किती रुपयांचं, हे डॉक्टरांकडून लिहून घे. तुझा मोठा सहा वर्षांचा आहे ना? या वयात दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड लागू नये म्हणून लावतात त्या लेपाने, बुजवता येतील का, एवढं नक्की विचार.

सासऱ्यांच्या कवळीसाठी पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी येतो, खेपा मात्र जास्त होतात. सासऱ्यांना वेळ आहे, त्यांना ते जमेल. मुलांना मात्र घराजवळच्या डॉक्टरांकडेच ने.

आणि खरी मोठी जोखीम कुठे आहे, ते बघ. तुम्ही दोघं रोज दुचाकीवरून हिंजवडी गाठता. अपघातात जबडा किंवा दात मोडून भरती व्हावं लागलं, तर तो खर्च बहुतेक मूळ आरोग्य विम्यातच बसतो. तुमच्या पॉलिसीतली ती ओळ शोधून खूण करून ठेव. दुसरं म्हणजे सासूबाईंची मिश्री. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असेल तर दवाखाना लगेच गाठा. तोंडाच्या कॅन्सरचा खर्च घर बुडवतो आणि त्याला ५,०००ची मर्यादा काय पुरणार? हाताशी जास्तीचे पैसे असतील तर मूळ पॉलिसीची रक्कम वाढव. सासू-सासरे त्यात आहेत की नाहीत, हेही बघ.

७,२०० म्हणजे महिन्याला ६००. त्याची आरडी उघड, दातांच्या नावाने. यंदा खर्च झाला नाही तर पैसे तुझेच राहतील. विम्याची न वापरलेली मर्यादा मात्र पॉलिसीचं वर्ष संपलं की बुडते.

माझं मत एकाच गोष्टीने बदलेल. लिहून आणलेल्या अंदाजात तुम्हा दोघांपैकी कुणाचं रूट कॅनॉल आणि कॅप निघाली, या योजनेत पहिल्या दिवसापासून ती बसत असेल, तुमचे डॉक्टर विमा कंपनीच्या यादीत असतील आणि वरचे २,२०० डॉक्टरांच्या फी-औषधांतून सुटणार असतील, तर या एका वर्षापुरती घे.

फॉर्मची मुदत महिनाअखेरीची आहे म्हणालीस. येत्या शनिवारी चौघं जाऊन या. अंदाजाच्या कागदाचा फोटो पाठव, मी पॉलिसीशेजारी ठेवून ओळ न् ओळ बघतो. सासूबाईंनाही सोबत ने, त्या नाही म्हणाल्या तरी.

तुझा,
काका