‘आडनाव’मधला ‘आड’ आणि ‘पूर्ण नावा’चा हट्ट

प्रश्न असा आहे: ‘भाड्याचं घर बघताना माझं आणि वडिलांचं नाव सांगितलं, तरी “पूर्ण नाव सांगा” म्हणतात. आडनावाशिवाय नाव अपुरं असतं का? आणि हा शब्द “आद्यनाव”वरून आला का?’

‘पूर्ण नाव’ हा प्रयोग ऐकला की माझं डोकं उठतं. जात विचारायची असते, ती तोंडाने विचारवत नाही, म्हणून समोरच्याचं नावच अपुरं ठरवायचं!

‘आद्यनाव’ विसरा. सगळं संस्कृतातूनच आलं असं मानणाऱ्यांनी निदान ध्वनिनियम तरी पाळावेत. ‘द्य’चा मराठीत ‘ज’ होतो: ‘अद्य’चं आज, ‘विद्युत्’ची वीज. मग ‘आद्य’चा ‘आड’ कोणत्या नियमाने? हा ‘आड’ आडवाट, आडगाव, आडबाजू यांतला, म्हणजे मुख्य सोडून बाजूचा. आणि शेजारी बघा! कन्नडात ‘अड्ड’ म्हणजे आडवं, ‘हेसरु’ म्हणजे नाव आणि ‘अड्डहेसरु’ म्हणजे टोपणनाव, आडनाव. घडण तंतोतंत तीच. माझ्या मते आपण शब्द तिथूनच उचलला आणि त्याचा उत्तरार्ध मराठी केला. भाषेच्या लेखी खरं नाव स्वतःचं, आडनाव बाजूचं. शाळेच्या दाखल्यांनी आणि अर्जांनी ते पहिल्या रकान्यात आणून बसवलं.

कुलकर्णी, देशपांडे ही मुळात वतनाची पदं. कुलकर्णी वतन १९५०च्या कायद्याने गेलं, आडनाव राहिलं. ते लावणाऱ्याला आपलं आडनाव कोणी वाचतंय हे जाणवतच नाही, कारण त्यावरून त्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. कांबळे किंवा शेख म्हटलं, की खोली ‘कालच गेलेली’ असते. ‘आडनावाने काय फरक पडतो?’ असं विचारणारे बहुधा ज्यांना तो कधी पडला नाही तेच असतात. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. गावावरून पडलेल्या ‘-कर’ आडनावांचा थोडा आडोसा मिळतो, पण मग लगेच ‘म्हणजे नेमके कुठले तुम्ही?’ येतंच.

तमिळनाडूत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव एवढ्यावर माणसाचं पूर्ण नाव होतं. जातिवाचक उपनावं सोडायचा ठराव तिथल्या स्वाभिमान चळवळीने (पेरियारांची जातिविरोधी चळवळ) १९२९मध्ये चेंगलपट्टूच्या परिषदेत केला होता.