जर्मनीत आईबाबांना घेऊन ३-४ दिवस निवांत राहायला कुठलं स्पा टाऊन बरं?

डोळे झाकून बाडेन-बाडेन. गरम पाण्याचे झरे आहेत तिथे, पाणी जमिनीतून ६८ अंशांपर्यंत तापलेलं येतं, मग कोमट करून पूलमध्ये सोडतात. १८७७ सालचं फ्रीडरिशबाद हे स्नानगृह सुंदरच आहे पण तिथली मूळ पद्धत कपड्यांशिवाय आंघोळीची, आईबाबा नक्की अवघडतील, त्यापेक्षा काराकाला थेर्मंला न्या, तिथे स्विमसूट चालतो, फक्त वरच्या मजल्यावरच्या सॉनात नाही हं. थंडीत बाहेरच्या पूलमध्ये मानेपर्यंत गरम पाण्यात बसायचं, तोंडावर गार वारा आणि आजूबाजूला नुसती वाफ, आईचे गुडघे दुखत असतील तर तिला तिथून उठवणं अवघड जाईल. संध्याकाळी ओस नदीकाठी लिश्टेनटालर अलेवर चाला, सपाट रस्ता आहे, दमायला होत नाही.