कूलंट सारखं कमी होतंय पण गाडीखाली एक थेंब नाही, लीक कुठे शोधू?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2007 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुण्याहून साताऱ्याला जाऊन आलं की कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत पाण्याची, रिझर्व्ह बॉटल मिनिममच्या खाली जाते, खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो, आणि गॅरेजवाला म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. माझं म्हणणं आधीच सांगतो, प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका. गॅस्केट गेलेलं असूही शकतं, पण तो सगळ्यात महागडा अंदाज आहे आणि या वयाच्या गाडीत त्याच्या आधी तपासायच्या स्वस्त जागा भरपूर असतात.

खाली डाग का नाही, तर बारीक लीक असलं की कूलंट गरम ब्लॉकवर नाहीतर एक्झॉस्टवर पडतं आणि तिथल्या तिथे वाफ होऊन जातं, जमिनीपर्यंत येतच नाही. पण त्यातला रंग आणि केमिकल मागे उरतं आणि वाळून पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली धरते. म्हणून सकाळी इंजिन एकदम गार असताना बोनेट उघडा, चांगला टॉर्च घ्या आणि ओल शोधू नका, ही खपली शोधा. होजची टोकं आणि क्लॅम्प, थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट उघड-बंद करणाऱ्या झडपेचं) हाऊसिंग, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते तो जोड, ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल बुचं, आणि वॉटर पंप. पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं, त्यामुळे त्या भोकाखाली ओघळ दिसला तर पंप बदलायचाच, भोक बुजवायचं नाही. एसी लावून गाडी उभी केली की खाली जे साधं बिनवासाचं पाणी ठिबकतं ते मात्र कूलंट नाही, त्याने घाबरू नका.

आता प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या टोपीवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, म्हणजे साधारण तेवढ्या बारचं प्रेशर ती धरते, कुकरसारखंच, आणि त्या प्रेशरमुळेच आतलं पाणी 100 डिग्रीला न उकळता 120 च्या आसपास जाईपर्यंत थांबतं. टेस्टर म्हणजे गेज लावलेला हातपंप असतो, गार इंजिनावर टोपीच्या जागी लावून टोपीवर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला की कुठेतरी जातंय. लगेच नाही सापडलं तर गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून पहाटे परत करायला सांगा, कारण काही लीक फक्त गार असतानाच होतात, इंजिन तापलं की धातू फुगतो आणि जोड आपोआप बंद होतो. माझ्या जुन्या गाडीचं नेमकं हेच होतं, रेडिएटरच्या टाकीचा जोड सकाळी स्टार्ट करायच्या आधी ओला आणि चालवल्यावर कोरडा ठणठणीत.

टोपीसुद्धा त्याच पंपाने टेस्ट होते. स्प्रिंग ढिला झाला की प्रेशर टिकत नाही, पाणी बॉटलमध्ये जाऊन वरून सांडतं आणि घाटात इंजिन लवकर उकळतं, तुमची लक्षणं याच्याशीही जुळतात. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, आधी तोच बघा.

बाहेर काहीच नाही आणि तरी काटा उतरतोय, तर केबिन बघा. डॅशबोर्डमागची हीटरची जाळी फुटली की पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं होतं, काचेवर तेलकट धुकं बसतं आणि गोडसर वास येतो. पावसाचं पाणी आहे का कूलंट हे बोटाने कळतं, कूलंट बुळबुळीत लागतं. सांडलेलं लगेच पुसा आणि धुवा, ते विषारी असतं आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरं चाटतात.

हे सगळं कोरडं निघालं तरच हेड गॅस्केटकडे या. प्लग काढले तर एखादाच धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, गार इंजिन स्टार्ट केल्या केल्या वरचा होज दगडासारखा कडक होतो, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. नक्की करायला निळ्या लिक्विडची टेस्ट असते, रेडिएटरमधल्या हवेत जळालेला गॅस असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारल्या तरी तिथे तसा जमतो, डिपस्टिकवरचं ऑइल बघा.

लीक बंद करायची पावडर टाकू नका, कोणी हळद टाका म्हणेल तीही नको, भोक बुजतं का माहीत नाही पण रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या नक्की चोंदतात. बोअरचं पाणीही नको, क्षार धरतात. आणि सापडेपर्यंत घाट टाळा प्लीज, गरम इंजिनाची टोपी कधीच उघडू नका, आणि चढावर काटा वर जाऊन अचानक खाली पडला तर गाडी गार झाली असं समजू नका, बऱ्याचदा पाणी सेन्सरच्याही खाली गेलेलं असतं, लगेच बाजूला घेऊन बंद करा नाहीतर हेड वाकतं.

दुरुस्ती झाली की हीटर फुल गरमवर ठेवून सिस्टीममधली हवा काढून घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना लेव्हल बघून बॉटलवर पेनाने खूण करा आणि आठवडाभर रोज त्याच वेळी बघा.