भाच्याने लिहून दिलेले दहा प्रोग्रॅम

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे. 'न्यूमेरिकल मेथड्स अँड प्रोग्रॅमिंग' या विषयात तिला लेखी परीक्षेत ६४ गुण मिळाले, पण प्रात्यक्षिकात ती नापास झाली. परीक्षकांनी न्यूटन-रॅफसन पद्धतीने सोडवायला दिलेले समीकरण होते क्ष³ − २क्ष + २ = ० आणि सुरुवातीची किंमत शून्य. तिचा प्रोग्रॅम हँग झाला आणि कारण विचारल्यावर तिला काहीच सांगता आले नाही. जर्नल वेळेत पूर्ण व्हावे म्हणून त्यातले दहाही प्रोग्रॅम माझ्या भाच्याने लिहून दिले होते. तो पुण्यात आयटीत आहे, तेव्हा प्रोग्रॅममध्ये चूक असण्याचा प्रश्न नाही. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत वीस वर्षे काम करतो. आमच्याकडे आता सगळे सॉफ्टवेअरच सांगते, मग मेकॅनिकलच्या मुलीला हा विषय कशासाठी? तिला फुल स्टॅकच्या क्लासला घालायचे आम्ही ठरवले आहे, फी ८० हजार रुपये आहे. सध्या तिचा मोबाइल काढून घेतला आहे. 'गेट' या पदव्युत्तर अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची तयारीही आतापासूनच करून घ्यावी का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी मी त्यात एकच गोष्ट शोधत होतो, ती म्हणजे या सगळ्याबद्दल आपल्या मुलीचे म्हणणे काय आहे. ते मला कुठेही सापडले नाही. प्रोग्रॅम भाच्याने लिहिले, क्लास 'आम्ही' ठरवला, पत्र आपण पाठवले. तिच्या वाट्याला फक्त नापास होणे आणि मोबाइल जाणे एवढेच आले. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीच्या शिक्षणाविषयीच्या पत्रात तिचे एकही वाक्य नसावे, याची मला तिच्या गुणांपेक्षा अधिक काळजी वाटते.

भाच्याचा हेतू चांगला असेल आणि आपलाही होता, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्याला आपण मदत म्हणता, त्याला कॉलेजात नक्कल म्हणतात, आणि परीक्षकांच्या समोर उभे राहण्याची वेळ आली तेव्हा ती मदत तिच्या उपयोगी पडली नाही. जर्नलवर सही झाली, पण चुकलेला प्रोग्रॅम रात्री उशिरापर्यंत चाळत बसून आपली चूक आपणच शोधण्याचा, त्या विषयातला सर्वांत मोलाचा भाग तिच्याकडून काढून घेतला गेला. ती प्रात्यक्षिकात नापास झाली, याची सुरुवात परीक्षेच्या दिवशी नव्हे, तर जर्नल पुण्याला पाठवले गेले त्या दिवशी झाली होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तो हँग झालेला प्रोग्रॅम पाहू, कारण तो मुळात हँग झालाच नव्हता. या पद्धतीत एक अंदाज घ्यायचा, तिथे समीकरणाची किंमत आणि उतार काढायचा, किमतीला उताराने भागायचे आणि आलेला भागाकार अंदाजातून वजा करून नवा अंदाज मिळवायचा. अंदाज शून्य धरला, तर किंमत २ आणि उतार −२ येतो, म्हणून नवा अंदाज १ होतो. एक धरला, तर किंमत १ आणि उतारही १ येतो, म्हणून नवा अंदाज पुन्हा शून्य. शून्यावरून एक, एकावरून शून्य, असा तो झोपाळा वीज जाईपर्यंत चालू राहील. परीक्षकांनी हे समीकरण आणि ही सुरुवात मुद्दाम निवडली असणार, याची मला जवळपास खात्री आहे. हेच उणे दोनपासून सुरू केले असते, तर −१.८, मग −१.७६९९, मग −१.७६९३ असे तीन पावलांत उत्तर हाती आले असते. आपल्या भाच्याचा प्रोग्रॅम चुकीचा नव्हता, अपुरा होता. 'पन्नास फेऱ्यांत उत्तर न आल्यास थांब आणि तसे सांग' ही ओळ त्यात नव्हती. कागदावर ही दोन गणिते करायला दोन मिनिटे पुरतात, आणि तेवढे एकदा स्वतः केले असते, तर परीक्षकांना काय उत्तर द्यायचे ते तिला कोणी सांगावे लागले नसते.

सॉफ्टवेअर सगळे सांगते, हा आपला समज मात्र मला इथेच खोडून काढायचा आहे, कारण तो फाउंड्रीत वीस वर्षे घालवलेल्या माणसाकडून आला आहे. आपल्याकडील सॉफ्टवेअर कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या भागाच्या, चित्राचे हजारो बारीक तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याचे तापमान काळाच्या छोट्या छोट्या टप्प्यांनी मोजत जाते. पडद्यावर लाल दिसणारी, धातू सर्वांत शेवटी गोठणारी जागा, जिच्यावरून आपण रायझर, म्हणजे गोठताना आकसणाऱ्या भागाला वितळलेला धातू पुरवणारा जादा साठा, कुठे द्यायचा ते ठरवता, ती या मोजणीतूनच येते, आणि ती मोजणी म्हणजेच आपल्या मुलीचा हा विषय. पातळ भिंतीच्या जाडीत एकच तुकडा बसला, तर त्या जाडीतला तापमानाचा फरक सॉफ्टवेअरला दिसणारच नाही. काही पद्धतींत तुकड्याचा आकार निम्मा केला, तर काळाचा टप्पा चौथाई करावा लागतो. तो तसाच ठेवला, तर तापमानाचे आकडे वरखाली उसळू लागतात आणि वितळलेले लोखंड शून्याखाली गेल्याचेही दिसू शकते. असे टोकाचे आकडे निदान डोळ्यांत भरतात. थोडेसे चुकलेले उत्तर मात्र तितक्याच सुंदर रंगांत पडद्यावर येते आणि ते ओळखायला पद्धत माहीत असलेले माणूस लागते. सॉफ्टवेअरने निर्धोक म्हणून दाखवलेले कास्टिंग मशिनिंगला गेल्यावर आतून पोकळ निघाले, असे इतक्या वर्षांत आपल्यासमोर एकदाही घडले नाही का?

फुल स्टॅक म्हणजे संकेतस्थळाची दर्शनी बाजू आणि तिच्यामागची यंत्रणा, दोन्ही उभारण्याचे काम. ते चांगले काम आहे, पण या नापासावरचा तो उपाय नव्हे, आणि तिने स्वतः मागितल्याशिवाय त्यावर ८० हजार रुपये खर्च करू नयेत. नाहीतर तिथल्या असाइनमेंटही भाच्याकडेच जातील! गेटच्या मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात संख्यात्मक पद्धती आहेतच, तेव्हा हा विषय नीट करणे हीच सध्या तिची गेटची तयारी समजावी. सी की पायथन, या वादात पडू नये. कॉलेजात जी भाषा शिकवतात ती पुरेशी आहे.

पुरवणी परीक्षेपर्यंत तिने तेच दहा प्रोग्रॅम कोऱ्या पानापासून स्वतः लिहावेत. प्रत्येकाआधी कॅल्क्युलेटरवर चार ओळींचा तक्ता करावा, आणि प्रोग्रॅम चालू लागला की मुद्दाम वाईट सुरुवात देऊन तो कुठे फसतो ते पाहावे. यातले चार-पाच प्रोग्रॅम चुकतील आणि एखादी संध्याकाळ वाया गेल्यासारखी वाटेल. त्या संध्याकाळी पुण्याला फोन करू नये.

मोबाइल आजच परत द्यावा. आणि शक्य असल्यास एखाद्या दिवशी तिला फाउंड्रीत नेऊन, सिम्युलेशन करणाऱ्या सहकाऱ्याच्या शेजारी तासभर बसवावे. तुकड्यांचा आकार त्याने किती ठेवला आहे आणि तोच का, हे तिला विचारू द्यावे. तो तासभर आपण शॉप फ्लोअरवरच थांबावे.